बेलार्मिनोने न गायलेलं शेवटचं पान

बेलार्मिनोबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी आधी त्याला थांबवते. चांगलं काय आहे त्याच्यात? मिशांना कलप लावतो, तोही स्वस्तातला. घाम आला की तो ओठांवरून हनुवटीवर उतरतो. सोन्याचा म्हणून जो दात दाखवतो तो पितळेचा आहे, हे आमच्या पोसो दास पेद्रास गावच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन बायका त्याला सोडून गेल्या आणि तिसरी सोडून जायचा कंटाळा आला म्हणून राहिली. आवाज म्हणाल तर गाढवाला सर्दी झाल्यावर निघेल तसला. आणि हाच माणूस दर शनिवारी दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर कवितांची बारकी पुस्तकं चिमट्यांनी लटकवतो, लाकडी खोक्यावर चढतो आणि गायला लागतो. माझ्या समोरची गिऱ्हाईकं तव्यावरचं तापिओकाचं धिरडं सोडून तिकडे पळतात. धंद्याच्या वेळी डोक्यावर मिऱ्या वाटणारा शेजारी मिळालाय मला, आणि तो माझ्या थोरलीचा धर्मपिता असल्यामुळे तोंड उघडून भांडताही येत नाही. मी त्याला कोंपाद्रे म्हणते, तो मला कोमाद्रे किटेरिया म्हणतो, आणि आमच्या दोघांच्या कॉफीचा खर्च मीच करते.

तो आला डोंगरापलीकडून, आईचं बोट धरून. आई हॉटेलवाल्याकडे डोक्यावरून पाणी वाहायची. काळी, उंच, कमी बोलणारी बाई. पोराला शेतात लावण्याऐवजी तिने त्याला पुस्तकांचा पहिला गठ्ठा घेऊन दिला, कारण त्याची जीभ कधी आत राहत नव्हती आणि तिला वाटलं, चालूच आहे तर निदान चार पैसे तरी येतील. बेलार्मिनो सगळ्यांबद्दल खोटं बोलतो, पण आईबद्दल नाही. आजोबांचंच बघा ना. बाजारात काळी माणसं जास्त असली की त्याचा आजोबा आफ्रिकेतला राजा असतो. गोरे गुरांचे दलाल आले की तोच आजोबा बुडालेल्या जहाजावरचा डच कप्तान होतो. एकदा मिशनवाल्या बायका आल्या होत्या, तेव्हा त्याने आजीला आदिवासी राजकन्या करून टाकलं. मी म्हटलं, अरे कोंपाद्रे, एकदा ठरव तरी कुणाचा तू. तो म्हणाला, ज्याला जे विकत घ्यायचंय ते त्याला द्यावं.

त्याचं सगळ्यात खपणारं पुस्तक म्हणजे 'काळा जेरोनिमो आणि डॉक्टर वाल्देविनो यांची झुंज'. दोन गवई एका बाकावर बसून एकमेकांना कवितेत उत्तरं देतात, आणि जो अडतो तो हरतो. लिहिणारा छापखानेवाला कधीच मेला. बेलार्मिनो दोघांचेही आवाज काढतो. डॉक्टरचा नाकातून, जेरोनिमोचा पोटातून. जेरोनिमोचं हे कडवं आलं की अख्खा बाजार त्याच्याबरोबर म्हणतो:

गोरे तुम्ही डॉक्टरसाहेब, दूध कुणाचं प्यालात?
काळ्या दाईच्या मांडीवरच लहानाचे मोठे झालात.
तेव्हा नव्हता वास येत, आता नाक मुरडता?
दाईचा पोर शेजारी बसता बाकावरून सरकता?

इथे डॉक्टरचा चेहरा लाल होतो, तो पाणी मागतो, पाणी पितो, तार जुळवतो. आणि इथेच बेलार्मिनो थांबतो. पुस्तक मिटून काखेत मारतो आणि म्हणतो, पुढचं ज्याला हवं त्याने घरी न्यावं. हा धंद्याचा रिवाज आहे, सगळेच पुस्तकवाले शेवट राखून ठेवतात. शेवट फुकट ऐकवला तर पुस्तक कोण घेणार?

पण ह्या पुस्तकाचा शेवट न गाण्याचं कारण निराळं होतं, आणि ते मला माहीत होतं. शेवटच्या पानावर जेरोनिमो हरतो. हरतो म्हणजे कसा, तर डॉक्टर त्याला विचारतो की कुणाचा तू, ते सांग आधी. आणि एवढा वेळ वाघासारखा बोलणारा माणूस वाद्य खाली ठेवतो नि म्हणतो:

चुलीमागे जन्मलो मी, काजळी माझी आई,
तिच्या पोटी उजेड यावा, तसलं नशीब नाही.
तुमच्या शेजारी बाकावर या बसलो, चूक झाली,
माफ करा हो मालक, माझी आईच मुळी काळी.

छापखानेवाला गोरा होता, त्याला असंच वाटणार. आमच्याकडे बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पुस्तक घरी जायचं, आणि ज्याला अक्षर येतं तो दिव्यापाशी बसून वाचून दाखवायचा. मी काय करायचे? शेवटचं पान आलं की डॉक्टरला चार जुलाब लावायचे आणि घोड्यावरून पळवायचे. माझा नवरा जेरोनिमो जिंकला असं समजूनच मेला, आणि मला त्याचं काही एक वाटत नाही. पुढे कळलं की न्हाव्याकडे डॉक्टर विहिरीत पडायचा आणि खाटकाकडे जेरोनिमोच्या पायाशी लोळायचा. छापलेलं पान गावात कुणी मोठ्याने वाचलेलं नव्हतं.

तर असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग नगरपालिकेने बाजारावर पत्रे घालायचं ठरवलं. नवी शेड, फरशी, नळ, प्रत्येकाची आखून दिलेली जागा. मांसवाले, कापडवाले, खाण्याचे पदार्थ विकणारे, सगळ्यांना जागा. पुस्तकवाल्यांचं नावच नव्हतं. बेलार्मिनो विचारायला गेला तेव्हा त्याला सांगितलं की दोरी बांधून गाणारा माणूस हा कुठल्याच प्रकारात बसत नाही. एकच वाट होती. नगरपालिकेने एखाद्याला 'मेस्त्रे', म्हणजे लोककलेचा उस्ताद ठरवलं, तर त्याला शेडमध्ये नावाच्या पाटीसकट जागा मिळणार होती. आणि ते ठरवणार होते संस्कृती खात्याचे प्रमुख, डॉक्टर लिंदोल्फो.

आता लिंदोल्फोचं सांगते. हा आमच्या जोवेलिनाचा मुलगा. जोवेलिना माझ्या शेजारी मक्याचा वाफवलेला कुसकुस आणि बकरीचा रस्सा विकायची. माझ्यापेक्षाही काळी, हाताला चव अशी की दलाल भांडण सोडून आधी जेवून घ्यायचे. लिंदोल्फो तिच्या चुलीमागे केळ्याच्या खोक्यात झोपून मोठा झाला. बाप ट्रक चालवणारा, उजळ. पोर बापाच्या रंगावर गेलं. जोवेलिनाने त्याला शिकवलं, राजधानीत पाठवलं, मग तो साओ पाउलोला गेला आणि लोककवितेतल्या काळ्या माणसाच्या आवाजावर उशीएवढं जाड पुस्तक लिहून डॉक्टर झाला. परत आला तो चष्मा, कोट आणि एक पणजी घेऊन. हो, पणजी. जिथे भाषण करायचा तिथे म्हणायचा की माझ्याही अंगात आफ्रिकेचं रक्त आहे, माझी एक पणजी काळी होती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा खाटकाच्या हातातून सुरा पडला. आई गुडघ्यांनी घरी बसलेली, मागच्या खोलीत, आणि हा तिला तीन पिढ्या मागे ढकलून मोकळा. पण तोंडावर कोण बोलणार? जागा त्याच्या हातात होती.

बेलार्मिनोवर मात्र लिंदोल्फोचा जीव होता, हे खरं. लहानपणी त्याच्याच खोक्यापाशी बसायचा. तो आदराने म्हणाला, सेऊ बेलार्मिनो, तुम्हीच मेस्त्रे होणार, दुसरं कोण आहे? शेडच्या उद्घाटनाला राजधानीतून कॅमेरा येईल. तुम्ही 'झुंज' गायची. फक्त अट एकच, पूर्ण गायची. शेवटच्या पानासकट.

बेलार्मिनो म्हणाला, शेवट तेवढा वगळू द्या. त्याऐवजी दुसरी कुठलीही पुस्तकं अख्खी गातो म्हणाला. लिंदोल्फो समजुतीच्या सुरात बोलला. तो त्या काळाचा दस्तऐवज आहे, म्हणाला. त्यातली वेदना जपली पाहिजे, एकही शब्द बदलता कामा नये. आणि ते तुम्ही कुठे म्हणताय, जेरोनिमो म्हणतोय.

त्या दिवशी बेलार्मिनो माझ्याकडे आला आणि तापिओका न खाता बसून राहिला. फुकटचं समोर असताना हा माणूस खात नाही म्हटल्यावर मी तवा खाली उतरवला. मी त्याला समजावलं. म्हटलं, एकदा डोळे मिटून म्हणून टाक, कडू औषध घेतो तसं. शेडबाहेर उन्हात तुझं पुस्तक कोण घेणार? म्हातारपणी काय विकशील, मिशा?

तो हसला नाही. "कोमाद्रे, सगळ्या जगाला टोप्या घातल्या मी," तो म्हणाला. "आजोबा विकला, आजी विकली. आई नाही विकली. ती डोक्यावर हंडा घेऊन त्या गठ्ठ्यासाठी राबली, आणि त्याच गठ्ठ्यातलं पुस्तक उघडून मी बाजारात सांगू, माझी आईच मुळी काळी, माफ करा?"

मला रडू आलं. मग रडवल्याबद्दल त्याचाच राग आला, आणि मी त्याला कॉफीचे पैसे मागितले. त्याने दिले नाहीत, तेव्हा कळलं की माणूस अजून ठीक आहे.

उद्घाटनाचा शनिवार आला. मी जोवेलिनाला निरोप पाठवला होता. लेकाने बोलावलं नव्हतं, तिच्या गुडघ्यांना त्रास होईल म्हणे. अर्ध्या बाजाराला जिने जेवू घातलं तिला शेड बघायची नाही? म्हटलं, बघतेच कशी येत नाही ती. मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून आली, निळा झगा, केसांना तेल, मांडीवर पिशवी. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसवली. लिंदोल्फो तेव्हा कॅमेरावाल्यांना दिवे कुठे लावायचे ते शिकवत होता. त्याचं लक्षच नव्हतं.

मग भाषण झालं. आपण सगळेच मिश्र रक्ताची माणसं आहोत वगैरे. आणि ठरल्याप्रमाणे पणजी आली. बाजाराने ती ऐकलेली होती, जोवेलिनाने नव्हती. मी तिच्याकडे बघत होते. तिने मांडीवरची पिशवी फक्त जरा जवळ ओढली.

बेलार्मिनो खोक्यावर चढला. कलप ताजा होता, दात घासून पिवळा केला होता. आणि गायला, मेला, असा गायला की मलाही तवा विसरायला झालं. दाईच्या कडव्यावर पत्रे हादरले. डॉक्टर लाल झाला, पाणी प्याला, तार जुळवली. इथे तो नेहमीसारखा थांबला. लिंदोल्फोने खालून पान उलटण्याची खूण केली. पुढे, पुढे.

बेलार्मिनोने घाम पुसला. "झुंजीला माणसं दोन लागतात," तो म्हणाला. "आजवर मी एकट्याने दोघांचा घसा फोडला. आज कॅमेरा आहे, तर रीतसर होऊ दे. मी होतो डॉक्टर वाल्देविनो. जेरोनिमो तुम्ही व्हा, डॉक्टर लिंदोल्फो. तुमच्याही अंगात ते रक्त आहेच की. पणजीचं का होईना."

बाजार असा हसला की शेडमधली कबुतरं उडाली. लिंदोल्फोही हसला. खेळकर दिसावं लागतं ना कॅमेऱ्यापुढे. वर चढला, पुस्तक हातात घेतलं, चष्मा सारखा केला. मला बेलार्मिनोचा डाव कळला आणि बरंही वाटलं. घे म्हटलं, जप तुझी वेदना. स्वतःच्या तोंडाने जप. ज्याला ते नुसता कागद वाटतं त्याने एकदा चावून बघावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

बेलार्मिनोने नाकातला आवाज काढला. आयुष्यभर चेष्टेने काढलेला तो आवाज, पण आज त्याने तो मालकासारखा लावला. काळाकुळकुळीत माणूस गोऱ्या डॉक्टरच्या तोऱ्यात उभा राहिला आणि त्याने विचारलं, कुणाचा तू, ते सांग आधी.

लिंदोल्फो वाचायला लागला. "चुलीमागे जन्मलो मी, काजळी..." एवढं म्हणून, गाणाऱ्याने लोकांकडे बघावं म्हणून त्याने मान वर केली, आणि त्याला तिसऱ्या रांगेतला निळा झगा दिसला.

तो थांबला. आम्हाला वाटलं, अक्षर लागत नाही. त्याने पुन्हा पुस्तकात बघितलं, पुन्हा वर बघितलं. कपाळावर घाम आला. लोक हसायचे थांबत गेले, आधी पुढचे, मग मागचे. खोक्यात झोपणारं पोर सगळ्यांनी बघितलेलं होतं. काजळी कोण, हे त्या शेडमध्ये कॅमेरावाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

जोवेलिना खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"वाच ना, दोल्फो," ती म्हणाली. "पणजीच आहे ना ती तुझी? मग थांबलास कशाला?"

बेलार्मिनोचा चेहरा मी तेव्हा बघितला. कलप गळून हनुवटीला लागला होता आणि तो तसाच उभा होता, पुसायचंही सुचत नव्हतं. त्याला लेकाला टोचायचं होतं, आईला नाही. ती आलीय हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. पान अर्धं राहिलं होतं आणि आता ते कुणीतरी संपवायला हवं होतं. कॅमेरा चालू होता. शेडमधली जागा तिथेच, त्या अर्ध्या पानावर अडकली होती.

त्याने लिंदोल्फोच्या हातातून पुस्तक हळूच काढून घेतलं. मला वाटलं, आता हा गाणार. जागेसाठी नाही तर निदान हे अवघडलेपण मिटवायला गाणार, आणि मग जन्मभर स्वतःला खाणार. पण त्याने पुस्तक उघडलंच नाही. "मी नाही म्हणणार," तो म्हणाला. "जागा नको मला." आणि खोक्यावरून उतरायला लागला.

जागा त्याला मिळाली, ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. लिंदोल्फोने त्याचा दंड धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, गाणं पूर्ण झालं, हे आमचे मेस्त्रे. कॅमेरावाला बिचारा प्रामाणिक, पुस्तकात बघून म्हणाला, साहेब, अजून तीन ओळी आहेत ना? लिंदोल्फोने त्याला कॅमेरा बंद करायला सांगितलं. आता बेलार्मिनोची पाटी माझ्या तव्याच्या बरोब्बर समोर आहे. धूर त्याच्याकडे जातो आणि आवाज माझ्याकडे येतो. मी नगरपालिकेत दोनदा तक्रार केली आहे.

पण त्या सकाळी बेलार्मिनो खाली उतरला तो थेट तिसऱ्या रांगेत गेला. जोवेलिनापुढे टोपी काढून उभा राहिला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्याने तिला हात दिला आणि माझ्याकडे बाकड्यावर आणून बसवलं. लोक वाट सोडत गेले.

थोड्या वेळाने लिंदोल्फो आला. कोट अंगात, चष्मा हातात. आईकडे न बघता माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, एक कॉफी, साखर जास्त.

मी किटली उचलली आणि विचारलं, "कुणासाठी?"

"तिच्यासाठी," तो म्हणाला.

"इथे पुष्कळ बायका बसल्यात, डॉक्टर."

त्याला कळलं मी काय करतेय ते. माझ्याकडे असं बघितलं, की केळ्याच्या खोक्यातलं ते पोर मला पुन्हा दिसलं, आणि क्षणभर वाटलं, जाऊ दे, सोडावं. पण नाही सोडलं. सोडणारी असते तर एवढी वर्षं ह्या बाजारात टिकले नसते. खाटीक ऐकत होता, न्हावी ऐकत होता, कॅमेरावाला वायरी गुंडाळता गुंडाळता ऐकत होता.

"माझ्या आईसाठी," लिंदोल्फो म्हणाला. मग वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "ही दोना जोवेलिना. ही माझी आई आहे."

मी कॉफी ओतली. त्याने कप दोन्ही हातांनी नेऊन तिला दिला आणि तिच्यासमोर उभा राहिला. जोवेलिनाने घाई केली नाही. फुंकर घालत, शेवटचा घोट होईपर्यंत प्याली. तिने त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. डोळे पुसले नाहीत, कारण ओले झालेच नव्हते. ओले माझे झाले होते. मग तिने रिकामा कप त्याच्यापुढे धरला.

"धुऊन आण," ती म्हणाली.

आणि डॉक्टर लिंदोल्फोंनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, माझ्या बादलीपाशी उकिडवे बसले आणि कप धुतला.